ऑपरेशन डॉक्टर करतात, रात्रीची जागल मात्र सिस्टरची! लेकरांच्या हृदयासाठी परिचारिका घडवणारी परदेशी भागीदारी नेमकी काय आहे?

अमरावती/अकोला : अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं. डॉक्टर लेकराच्या छातीला नळी लावतात, दोन वेळा ऐकतात, तिसऱ्यांदा ऐकतात आणि आईला सांगतात, "हृदयात आवाज येतो आहे, टू-डी इको करावा लागेल." तिथून त्या घराची धावपळ सुरू होते. इको होतो, हृदयाला छिद्र असल्याचं निघतं. मग नातेवाईक, सरपंच, ओळखीचा मेडिकलवाला सगळे दोनच प्रश्न विचारतात. डॉक्टर कोणता? आणि खर्च किती?

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ऑपरेशन झाल्यावर त्या रात्री लेकराच्या खाटेजवळ कोण उभं राहील? तिला या कामाचं शिक्षण मिळालं आहे का?

पिकाच्या दिवसांत रानडुकरं येतात म्हणून शेतात जागल करावी लागते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पेरणी चांगली झाली, पण जागलीवरचा माणूस झोपला तर सकाळी शेतात काही उरत नाही. लहान लेकराच्या हृदयाच्या ऑपरेशनचंही असंच आहे. सर्जनचं काम काही तासांत संपतं. त्यानंतरचे दोन-तीन दिवस परिचारिकेच्या हातात असतात. म्हणूनच गेल्या काही दशकांत परदेशातल्या संस्था आणि भारतातली रुग्णालयं यांच्यात ज्या भागीदाऱ्या झाल्या, त्यांत परिचारिकांच्या प्रशिक्षणाला मोठं स्थान मिळालं. हे प्रशिक्षण काय असतं, त्यातून काय साधलं आणि आपल्या तालुक्यापर्यंत त्यातलं काय पोहोचायला हवं, ते समजून घेऊ.

प्रश्न किती लेकरांचा?

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून जास्त बाळं जन्मतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही. काही छिद्रं लहान असतात आणि वयाबरोबर बुजतात. पण जवळपास पाचव्या हिश्श्याच्या बाळांना पहिल्या वर्षातच उपचार मिळाले नाहीत, तर जीव धोक्यात येतो.

पूर्वी हा आजार गावात कळतच नसे. लेकरू "कमजोर आहे", "त्याले दम लागते", "दूध पेता पेता घामाघूम होते" एवढंच बोललं जायचं. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा आणि शाळेत एक वेळ येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. पथकात दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असते. ज्यांच्या हृदयाबद्दल शंका येते, त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी इकोसाठी पाठवलं जातं.

पैशाची सोयही आधीपेक्षा बरी झाली आहे. आज महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून जी योजना आपण ओळखतो, ती २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावानं पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत अमरावती होता. आता योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत गेलं आहे. याशिवाय छत्तीसगडमध्ये नवा रायपूर इथं श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात लेकरांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात. अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्याहून रायपूरला सरळ रेल्वे आहे. याच संस्थेचं एक रुग्णालय नवी मुंबईत खारघरलाही आहे.

म्हणजे आजार शोधण्याची सोय झाली, पैशाची वाट निघाली. आता राहतो तो काळजी घेणाऱ्या हातांचा प्रश्न.

ऑपरेशननंतर सिस्टर काय करते?

समजा, आठ किलोचं लेकरू आहे. छातीचं हाड उघडून हृदयातलं छिद्र बुजवलं. लेकरू आयसीयूत आलं तेव्हा तोंडात श्वासाची नळी, मानेजवळच्या मोठ्या शिरेत एक नळी, रक्तदाब मोजायला हाताच्या धमनीत एक, छातीतून रक्त बाहेर काढणाऱ्या नळ्या आणि लघवीची नळी असते. अशा लेकराजवळ पहिले काही तास एका खाटेला एक परिचारिका, असं प्रमाण असायला पाहिजे. ती काय पाहते?

पहिली गोष्ट लघवी. हृदय नीट चाललं, तर मूत्रपिंडाला रक्त मिळतं आणि लघवी होते. लेकराच्या प्रत्येक किलोमागे तासाला साधारण एक मिली, म्हणजे आठ किलोच्या लेकराला तासाला आठ मिली. दोन तास लघवी कमी झाली तर शहाणी सिस्टर तिसऱ्या तासाची वाट पाहत नाही, डॉक्टरला बोलावते.

दुसरी गोष्ट पाय. मॉनिटरवर आकडे ठीक दिसत असले तरी पाय थंड पडत चालले, तर रक्त टोकापर्यंत पोहोचत नाही असा त्याचा अर्थ होतो. मशीन जे उशिरा सांगतं, ते हात लावून आधी कळतं.

तिसरी गोष्ट छातीतल्या नळ्या. नळीतून रक्त येणं थांबलं की पाहणाऱ्याला वाटतं, बरं झालं, रक्तस्राव थांबला. पण नळीत गाठ अडकून रक्त आतच साचत असलं, तर ते हृदयाला बाहेरून आवळतं. रक्तदाब पडतो, शिरेतला दाब चढतो आणि काही मिनिटांत लेकरू जाऊ शकतं. नळी "चांगल्यासाठी" बंद झाली की "वाईटासाठी", हे ओळखणं पुस्तकातून कमी आणि खाटेजवळ उभं राहून जास्त शिकता येतं.

चौथी गोष्ट औषधाचा हिशोब. हृदयाला जोर देणारी औषधं मिनिटाला, किलोमागे, मायक्रोग्रॅममध्ये द्यावी लागतात. आठ किलोच्या लेकराला मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम द्यायचं ठरलं, तर ५ गुणिले ८ गुणिले ६०, म्हणजे तासाला २,४०० मायक्रोग्रॅम, अर्थात २.४ मिलिग्रॅम. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. पंधरा लिटरच्या फवारणी पंपात १० मिलीच्या जागी १०० मिली औषध पडलं तर कपाशीचं काय होतं, ते शेतकरी जाणतो. इथं तर समोर लेकरू आहे.

पाचवी गोष्ट हात धुणं. शिरेतल्या नळीला हात लावण्याआधी हात स्वच्छ नसले, तर जंतू सरळ रक्तात जातात. ऑपरेशन उत्तम झालेलं लेकरू आठव्या दिवशी जंतुसंसर्गानं जाऊ शकतं.

जी सिस्टर वॉर्डात चालते, ती इथं का चालत नाही?

आपल्याकडे एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. या शिक्षणातून परिचारिका सगळ्या प्रकारच्या कामासाठी तयार होते. बाळंतपण, लसीकरण, जखमेची पट्टी, सलाईन ही कामं तिला येतात. पण आठ किलोच्या लेकराचं नुकतंच शिवलेलं हृदय सांभाळणं हे वेगळं कसब आहे. मोठ्या माणसाची हृदयाची नर्सिंग आणि लेकराची नर्सिंग यांतही फरक आहे. लेकरू सांगू शकत नाही, त्याच्या शरीरात रक्त थोडं असतं आणि त्याची तब्येत काही मिनिटांत बदलते.

भारतीय परिचर्या परिषदेनं यासाठी हृदय व छाती नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम ठेवला आहे. अतिदक्षता नर्सिंगमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. पण अभ्यासक्रम असणं वेगळं आणि तो केलेली सिस्टर खाटेजवळ असणं वेगळं. बहुतेक परिचारिका हे काम प्रत्यक्ष आयसीयूतच, वरिष्ठ सिस्टरच्या हाताखाली शिकतात. ती वरिष्ठ सिस्टर जितकी तयार, तितकी नवी तयार. परदेशी भागीदाऱ्यांनी नेमकी हीच जागा पकडली.

विमानानं पाठवण्यापासून शिकवण्यापर्यंत

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९६९ साली 'चिल्ड्रन्स हार्टलिंक' ही संस्था सुरू झाली. सुरुवातीला गरीब देशांतल्या आजारी मुलांना ऑपरेशनसाठी अमेरिकेत नेण्याचं काम ती करत असे. पुढे संस्थेच्या लक्षात आलं की एक मूल विमानानं नेलं तर एकच मूल वाचतं. म्हणून दिशा बदलली. आता ही संस्था भारत, ब्राझील, चीन, मलेशिया अशा देशांतल्या ठरावीक रुग्णालयांशी काही वर्षांची भागीदारी करते. परदेशातल्या मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच्या सुटीत, मानधन न घेता तिथं येतात आणि इथल्या टीमला खाटेजवळ उभं राहून शिकवतात. ऑपरेशन इथलेच सर्जन करतात, काळजी इथल्याच सिस्टर घेतात. पाहुणी सिस्टर बाजूला उभी राहते, पाहते आणि चुकतं तिथं सांगते.

दुसरा उपक्रम 'आयक्यूआयसी' या नावानं ओळखला जातो. अमेरिकेतल्या बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलनं तो २००८ साली सुरू केला. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णालयांनी आपल्याकडे झालेल्या मुलांच्या हृदयाच्या प्रत्येक ऑपरेशनची नोंद एकाच पद्धतीनं करायची, मृत्यू आणि जंतुसंसर्गाचे आकडे लपवायचे नाहीत आणि ठरावीक काळानं ऑनलाइन वर्गात एकत्र बसून सुधारणा शिकायची, अशी ही पद्धत आहे. भर तीन गोष्टींवर आहे. ऑपरेशनच्या वेळची सुरक्षितता, जंतुसंसर्ग कमी करणं आणि टीमनं मिळून काम करणं.

तिसरी गोष्ट वाचायला साधी वाटते, पण आपल्या दवाखान्यांत तीच सगळ्यात अवघड आहे. मोठ्या डॉक्टरला सिस्टरनं "सर, नळी थांबली आहे, तुम्ही आताच पाहा" असं रात्री दोन वाजता ठणकावून सांगणं आपल्याकडे सोपं नाही. डॉक्टर रागावतील, आपलं चुकलं तर हसू होईल, ही भीती असते. म्हणून या प्रशिक्षणात सिस्टरला बोलण्याची ठरलेली पद्धत शिकवतात. आधी सांगायचं की आता काय घडतं आहे. मग लेकराची पार्श्वभूमी, मग स्वतःला काय वाटतं ते आणि शेवटी डॉक्टरकडून काय हवं ते. चार वाक्यांत काम. आणि डॉक्टरांनाही शिकवतात की सिस्टर बोलली तर ऐकायचं.

हा उपक्रम सुरू झाल्यावर १७ विकसनशील देशांतल्या २८ रुग्णालयांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात मृत्यू आणि जंतुसंसर्ग दोन्हींचं प्रमाण कमी होत गेल्याचं दिसलं. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी कोट्यवधींची नवी मशीन आणलेली नव्हती. हात धुणं, यादी तपासणं, नोंद ठेवणं आणि वेळेवर तोंड उघडणं याच गोष्टींवर मेहनत घेतली होती.

भारतात याचं ठळक उदाहरण केरळातल्या कोची इथलं अमृता रुग्णालय आहे. तिथला बालहृदय विभाग या दोन्ही उपक्रमांशी जोडला गेला. तिथंही जंतुसंसर्ग कमी झाला आणि लेकरांना आयसीयूत कमी वेळ ठेवावं लागलं. जे रुग्णालय आधी शिकणारं होतं, ते पुढे इतरांना शिकवणारं झालं. भागीदारीचं खरं फळ हेच म्हणावं लागेल. पाहुणे गेल्यावरही शिकवणं चालू राहिलं पाहिजे. नाहीतर आठवडाभर शिबिर होतं, फोटो निघतात, सत्कार होतात आणि पुढच्या सोमवारी आयसीयू जिथल्या तिथं.

वऱ्हाडाला हे नवं नाही

परदेशातून येऊन इथल्या मुलींना परिचर्या शिकवण्याची गोष्ट वऱ्हाडानं फार आधी पाहिली आहे. वाशिम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. त्याआधी वाशिम अकोला जिल्ह्यातच होतं. तिथलं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, ज्याला लोक आजही मिशन हॉस्पिटल म्हणतात, ते १९३८ साली अमेरिकेतल्या नाझरीन चर्चनं सुरू केलं. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टर बाईंनी त्याचा पाया घातला आणि पुढची कित्येक वर्षं त्या तिथं राहिल्या. त्यांच्या जोडीला आलेल्या जीन डार्लिंग या परिचारिकेनं तिथं नर्सिंगचं शिक्षण उभं केलं.

त्या काळी हृदयाची ऑपरेशनं नव्हती. प्रश्न होते बाळंतपणाचे, तापाचे, सापाचे. पण रीत हीच होती. बाहेरून शिकलेली सिस्टर आली, तिनं इथल्या मुली शिकवल्या आणि त्या मुलींनी पुढच्या मुली शिकवल्या. ती बाई वर्षानुवर्षं इथं राहिली म्हणून ते टिकलं, ही त्यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे.

आजही वऱ्हाडातल्या परिचारिका अवघड काम शिकू शकतात, याचा पुरावा अमरावतीतच आहे. इथल्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, म्हणजे आपल्या 'सुपर स्पेशालिटी'त, किडनी प्रत्यारोपण होऊ लागलं. ते काही एकट्या सर्जनच्या बळावर झालं नाही. प्रत्यारोपणानंतर रुग्णाची तासातासाची नोंद ठेवणारी परिचारिका त्यात तितकीच लागते. जे किडनीत जमलं, ते हृदयात जमणार नाही असं म्हणायला कारण नाही.

मग अडतं कुठं?

पहिली अडचण अंतराची. परदेशी भागीदाऱ्या सहसा मोठ्या शहरातल्या, आधीच चांगल्या चालणाऱ्या रुग्णालयांशी होतात. त्यांचंही बरोबर आहे. जिथं महिन्याला पाच-दहा ऑपरेशनंही होत नाहीत, तिथं शिकवणार कोणाला? पण त्यामुळे ज्ञान कोची, चेन्नई, मुंबईत साचतं आणि धारणी, तेल्हाऱ्यापर्यंत झिरपत नाही. धारणीहून अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर, तेही मेळघाटच्या घाटातून. ऑपरेशन झालेलं लेकरू शेवटी त्याच धारणीत परत येतं.

दुसरी अडचण बदलीची. सरकारी रुग्णालयात सिस्टरची ड्युटी एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात फिरत राहते. आयसीयूत दोन वर्षं घालवून तयार झालेली सिस्टर प्रसूती वॉर्डात गेली, तर तिच्यावर केलेली मेहनत वाया जाते आणि लेकराजवळ पुन्हा नवी सिस्टर येते. भागीदारी टिकलेल्या ठिकाणी ही फिरवाफिरवी थांबवण्यावर भर दिला गेला.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी आहे. तयार झालेली सिस्टर जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल तरुणांना तिथं काम मिळावं, हा त्याचा उद्देश आहे आणि त्या यादीत परिचारिकाही आहेत. जर्मन भाषेच्या शिक्षणाची सोयही सरकारनं जाहीर केली. गावातल्या मुलीला चांगला पगार मिळत असेल, तर तिनं का जाऊ नये? बापाच्या दोन-चार एकर कोरडवाहूवर घर चालत नाही, ती गेली तर घर उभं राहतं. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

पण हिशोब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. एका भागीदारीत परदेशी सिस्टर इथं येऊन शिकवते, तर दुसरीत इथली शिकलेली सिस्टर परदेशात जाते. जेवढ्या जातात, त्यापेक्षा जास्त तयार करायच्या असतील तर शिकवणारी माणसं इथं टिकली पाहिजेत. त्यासाठी आयसीयूतल्या अनुभवी सिस्टरला कायम नोकरी, बरा पगार आणि 'शिकवणारी सिस्टर' म्हणून वेगळं पद द्यावं लागेल. कंत्राटावर आज इथं आणि उद्या तिथं असलेल्या सिस्टरकडून ती अपेक्षा करता येत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात काय यायला पाहिजे?

तालुक्याला हृदयाची ऑपरेशनं होणार नाहीत आणि व्हायचं कारणही नाही. पण हृदयाच्या नर्सिंगमधल्या तीन गोष्टी ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात यायलाच पाहिजेत.

पहिली म्हणजे ऑपरेशन होऊन परतलेल्या लेकराची देखरेख. टाक्यांची जागा, वजन, श्वासाचा वेग, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा आणि औषध वजनाप्रमाणे चालू आहे की नाही, एवढं एएनएम पाहू शकते. त्यासाठी मोठ्या रुग्णालयाच्या सिस्टरनं तिला फोनवर सोप्या मराठीत सांगितलं, तरी पुष्कळ काम होतं.

दुसरी गोष्ट मोठ्या माणसांची. छातीत दुखतं म्हणून आलेल्या रुग्णाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. आपल्याकडे तो ईसीजी बहुतेक वेळा सिस्टरच काढते. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'स्टेमी महाराष्ट्र' प्रकल्पात गावच्या दवाखान्यात काढलेला ईसीजी इंटरनेटवरून तज्ज्ञांकडे जाऊन काही मिनिटांत निदान परत येईल, अशी व्यवस्था करण्यात आली. मशीन कितीही चांगलं असलं, तरी छातीवरच्या पट्ट्या चुकीच्या जागी लागल्या तर निदान चुकतं. म्हणजे पुन्हा प्रश्न सिस्टरच्या हाताचाच.

तिसरी गोष्ट हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याची. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीचं हे प्रशिक्षण भारतात अनेक केंद्रांत मिळतं. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची, हा त्याचा गाभा. या प्रशिक्षणाचं कार्ड दोन वर्षं चालतं, कारण सराव सुटला की हात विसरतो. आपल्या दवाखान्यातल्या सिस्टरचं कार्ड चालू आहे का, हे रुग्ण कल्याण समितीनं विचारायला हरकत नाही.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

लेकराला हृदयाचा त्रास असू शकतो, असं केव्हा समजावं?
- दूध पिताना कपाळावर घाम येतो, थकून मधेच सोडतं
- वजन वाढत नाही
- वारंवार न्यूमोनिया होतो
- रडताना ओठ, नखं निळी पडतात
- खेळता खेळता दम लागून उकिडवं बसतं

यातलं काहीही दिसलं तर अंगणवाडी ताई किंवा आशा ताईला सांगा आणि शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडून तपासून घ्या. "मोठं झालं की बरं होईल" म्हणून थांबू नका. काही दोषांत वेळ गेली की ऑपरेशनचा फायदा राहत नाही.

ऑपरेशन ठरलं तर रुग्णालयात हे विचारा :
- या आयसीयूत लहान मुलांची हृदयाची ऑपरेशनं नेहमी होतात का?
- रात्री एका सिस्टरकडे किती लेकरं असतात?
- घरी गेल्यावर अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

हे विचारण्यात संकोच करायचं कारण नाही. चांगल्या रुग्णालयाला या प्रश्नांचा राग येत नाही.

घरी आल्यावर :
- छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर लेकराला काखेत धरून किंवा हात ओढून उचलू नका. एक हात मानेखाली, एक हात कुल्ल्याखाली घालून उचला
- टाक्यांना लाली, पू किंवा लेकराला ताप आला तर गावठी लेप न लावता लगेच दवाखान्यात जा
- औषध संपलं म्हणून मनानं बंद करू नका. वजन वाढलं की डोस बदलतो, तो डॉक्टरलाच विचारा
- दात किडू देऊ नका. तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात. दाताचा इलाज करण्याआधी डॉक्टरला हृदयाचं ऑपरेशन झाल्याचं सांगा
- ऑपरेशनचे कागद, इकोचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. तालुक्याच्या सिस्टरला ते पाहूनच सगळं कळतं

आणि एक गोष्ट आयसीयूबाहेर बसलेल्या आई-बापासाठी. भेटीच्या वेळी लेकराच्या पायाला हात लावून "सिस्टर, पाय थंडे लागून राह्यले" असं वाटलं, तर ते सांगा. आपल्याला काय कळतं म्हणून गप्प बसू नका. तयार सिस्टर ते ऐकून घेते, पायाला हात लावून पाहते आणि मॉनिटरकडे वळते. ऐकून घेणं हाही तिच्या शिक्षणाचाच भाग आहे.